मी राजूर म्हणते, लोक राजुरा ऐकतात

'कुठली गं तू?' असं कुणी विचारलं की माझी परीक्षा सुरू होते. मी सांगते, 'राजूर.' समोरचा लगेच म्हणतो, 'अच्छा, राजुरा! चंद्रपूर जिल्हा ना? माझे एक मामा असतात तिथं.' मी म्हणते, 'नाही, राजूर. यवतमाळ जिल्हा, वणी तालुका.' तोवर मामांची गोष्ट सुरू झालेली असते. नगरकडचा कुणी असला तर त्याला अकोले तालुक्यातलं राजूर आठवतं, जालन्याकडच्याला राजूरचा गणपती. कोळशाच्या खाणीचं आणि चुन्याच्या भट्ट्यांचं आमचं राजूर कुणाला ऐकूच येत नाही. शेवटी मी 'हो हो, तिकडंच' म्हणून मोकळी होते. ट्रेनमध्ये कुणाशी कशाला वाद घालायचा?

हा किस्सा मी कॉलेजात इतक्यांदा सांगितलाय की आता मित्र मी सुरुवात केली की शेवटचं वाक्य आधीच म्हणून टाकतात. लोक ऐकत नाहीत, त्यांना जे आधीच माहीत आहे तेच ऐकतात, हे माझं ठाम मत होतं. या 'लोक'मध्ये मी स्वतःला कधी धरलं नव्हतं. मी म्हणजे सगळ्यांशी गप्पा मारणारी, सगळ्यांचे प्रॉब्लेम ऐकणारी. ग्रुपवर माझं नावच 'काउन्सेलर' पडलेलं.

मग दिवाळीनंतरची गोष्ट घडली.

माझी एक मैत्रीण आहे, पहिलीपासूनची. शाळेत एका बाकावर, नंतर वणीच्या कॉलेजला एकाच ऑटोनं. (नाव लिहू नको असं तिनंच सांगितलंय. हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवला. एक वाक्य तिनं काढायला लावलं, ते काढलं.) आम्ही दोघी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टी संपली, कॉलेज सुरू झालं, ती दिसेना. पहिले चार दिवस मला वाटलं आजारी असेल. मग लायब्ररीत तिसऱ्याच एका मुलीनं सहज सांगितलं, 'अगं, तिनं कॉलेज सोडलं ना. वणीतच एका कापडाच्या दुकानात लागली.' तिचे बाबा भट्टीवर कामाला होते. ते काम बंद झालं होतं. धाकटा भाऊ बारावीला. दोघांची फी एका वर्षी जमणार नव्हती.

मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. खरं सांगायचं तर काळजीनं कमी आणि रागानं जास्त. इतकी जवळची मैत्रीण, आणि मला परक्याकडून कळावं? दारातच म्हटलं, 'एवढं सगळं झालं आणि मला सांगितलं नाहीस?'

ती भाजी निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, 'सांगितलं होतं की. तीनदा.'

मला वाटलं ती टोमणा मारतेय. पण तिनं तीनही वेळा, कुठं आणि कधी, ते सांगितलं. पहिल्यांदा ऑटोत. ती म्हणाली होती, 'माझं काही खरं नाही या वर्षी.' मी म्हणाले होते, 'माझं तरी कुठं खरं आहे? फिजिकल केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलेलं नाही अजून.' आणि मग वणी येईपर्यंत फिजिकल केमिस्ट्री. दुसऱ्यांदा फोनवर. ती म्हणाली, 'बाबा घरीच असतात आजकाल.' मी म्हणाले, 'मजा आहे तुझी. आमचे बाबा तर दिसतच नाहीत घरात.' तिसऱ्यांदा तिनं व्हॉइस नोट पाठवली. चार मिनिटांची. ती मी टू-एक्स स्पीडवर लावून, कपाट आवरता आवरता ऐकली आणि उत्तर दिलं, 'हो ना यार. होईल सगळं ठीक.' पुढं लाल बदाम.

ती व्हॉइस नोट अजून माझ्या फोनमध्ये आहे. घरी येऊन नॉर्मल स्पीडवर ऐकली. तिसऱ्या मिनिटाला ती अगदी स्पष्ट म्हणते, 'पुढच्या टर्मची फी भरायची नाही असं चाललंय घरी.' हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. ब्ल्यू टिक मात्र महिनाभरापूर्वीची.

सगळ्यात जास्त टोचलं ते हे की तिन्ही वेळा मी उत्तर दिलं होतं. लगेच दिलं होतं, प्रेमानं दिलं होतं. दुर्लक्ष केलं असतं तर निदान मला ते माहीत तरी असतं.

त्यानंतर मी एक उद्योग केला. आठवडाभर एक छोटी वही जवळ ठेवली आणि रोज रात्री, दिवसभरात कुणी मला काय सांगितलं आणि मी त्यावर पहिलं वाक्य काय बोलले, एवढंच लिहून काढलं. फार शास्त्रीय वगैरे काही नाही. आठवेल तेवढं. पण दोन दिवसांतच एक पॅटर्न दिसायला लागला आणि तो पाहून वही बंद करावीशी वाटली. आई म्हणाली, 'पाठ लय दुखून राहिली.' मी: 'माझी पण, त्या बेंचमुळं.' वर्गातला एक मित्र म्हणाला, 'पोलीस भरतीची फिजिकल हुकली.' मी: 'अरे माझ्या मावसभावाचं सेम झालं होतं, आणि माहितीये त्यानं काय केलं?' शेजारच्या काकू म्हणाल्या, 'पोरगं बोलतच नाही घरात.' मी: 'या वयात आम्ही पण नव्हतो बोलत, काकू.' पानंच्या पानं अशी. प्रत्येक संभाषण दोन वाक्यांत माझ्या अंगणात.

याला नाव आहे, हे नंतर कळलं. चार्ल्स डर्बर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७९ च्या आपल्या पुस्तकात गप्पांमधल्या उत्तरांचे दोन प्रकार सांगितलेत. एक, बोलणाऱ्याचा विषय बोलणाऱ्याकडेच ठेवणारं उत्तर. दुसरं, तो हळूच स्वतःकडे वळवणारं. 'मला झोपच येत नाही' यावर 'कधीपासून?' हा पहिला प्रकार आणि 'मला पण!' हा दुसरा. गंमत अशी की दुसरा प्रकार वाईट हेतूनं होत नाही. 'मला पण' म्हणताना आपल्याला वाटतं आपण जवळ जातोय, तू एकटी नाहीस असं सांगतोय. कधीकधी खरंच तसं होतंही. पण सलग तीन वेळा 'मला पण' झालं की समोरचा माणूस आपला विषय गुंडाळून ठेवतो आणि तुमच्या फिजिकल केमिस्ट्रीला मान डोलावत बसतो.

हे इतकं चटकन का होतं, याचंही थोडं उत्तर मिळालं. भाषेचा अभ्यास करणाऱ्या टान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा तपासल्या. मराठी त्यात नव्हती. एकानं प्रश्न विचारल्यापासून दुसऱ्यानं उत्तराला सुरुवात करेपर्यंत किती वेळ जातो, ते मोजलं. जपानी लोक सगळ्यांत चटकन बोलले, डॅनिश जरा सावकाश, पण सगळ्यांची सरासरी साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आता दुसरी गोष्ट: साधं एक चित्र दाखवून त्याचं नाव विचारलं तरी शब्द तोंडात यायला माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये उत्तर येतं कसं? येतं, कारण समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवायला घेतलेलं असतं. हे सगळेच करतात, नाहीतर गप्पा चालल्याच नसत्या. पण त्याचा एक अर्थ असाही आहे की वाक्याच्या शेवटी शेवटी कुणी काही महत्त्वाचं बोललं, तर तेव्हा आपण बहुधा घरी नसतो. आणि आपली माणसं महत्त्वाचं शेवटीच बोलतात. फोन ठेवता ठेवता. 'बाकी काय मग... बरं, अजून एक...'

सुधारायचं ठरवलं आणि पहिला प्रयोग फसला. कॉलेजात एकदा सॉफ्ट स्किल्सचं सेशन झालं होतं, त्याच्या नोट्स काढल्या. डोळ्यांत पाहा, मान हलवा, समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा. ही शेवटची कल्पना मुळात थोर माणसांची आहे. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये 'अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग' या नावानंच एक पुस्तिका लिहिली, तिथून हे सगळं पसरलं. त्यांचा भर समोरच्याच्या नजरेतून बघण्यावर होता. आपल्या स्लाइडवर येईपर्यंत त्यातली फक्त मान हलवणं उरलं. असो. मी आईवर प्रयोग केला. ती म्हणाली, 'सिलिंडर आजही नाही आलं.' मी तिच्या डोळ्यांत बघत म्हटलं, 'म्हणजे तुला असं म्हणायचंय की सिलिंडर न आल्यामुळं तुला त्रास होतोय.' आईनं पोळी लाटणं थांबवून माझ्याकडं पाहिलं. 'तब्येत बरी आहे ना तुही?'

मराठीत, निदान वणीकडच्या मराठीत, 'म्हणजे तुला असं म्हणायचंय की' हे वाक्य भांडणातच येतं.

मदत मिळाली ती आजोबांकडून, आणि तीही भलत्याच विषयावर बोलताना. आजोबा इथल्या भूमिगत खाणीत सरदार होते. लहानपणी मला वाटायचं घोड्यावरचे सरदार. खाणीतला सरदार म्हणजे आपल्या भागाची जबाबदारी असलेला, त्यासाठी परीक्षा पास झालेला माणूस. पाळी सुरू होण्याआधी तो आत जाऊन जागा तपासतो. गॅस आहे का, हवा खेळतेय का, आणि मुख्य म्हणजे डोक्यावरचं छत कसं आहे. छत म्हणजे दगडाचा थर. कोळसा काढून घेतल्यावर तो वर तसाच उरतो, आणि त्यातली एखादी कपची सुटली की माणूस जागच्या जागी जातो.

तर हे छत तपासायचं कसं? ठोकून. हातातल्या काठीनं वर ठोकायचं आणि ऐकायचं. 'ठण्' वाजलं तर थर घट्ट. 'ढब्' वाजलं, पोकळ वाजलं, तर मध्ये फट आहे, तुकडा सुटायच्या बेतात आहे. मग सुरक्षित जागी उभं राहून सब्बलीनं तो पाडायचा, नाहीतर टेकू द्यायचा. हात पोचत असेल तर दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवून ठेवायची, आवाजात कळलं नाही ते थरथरीत कळतं. लाकडी टेकूंबद्दल आजोबा जुन्या दोस्ताबद्दल बोलावं तसं बोलतात. लोखंडी टेकू गुपचूप वाकतो, लाकडाचा मात्र आधी करकरतो. 'लाकूड सांगते,' ते म्हणतात. 'आयकणारा पाहिजे.'

मी विचारलं, 'नवीन माणसाला शिकवायचं कसं हे? आवाज ओळखायचा कसा?'

ते म्हणाले, 'आवाज ओळखणं नंतर येते. पहिले चूप राहाणं शिकवा लागते. नवा पोरगा ठोकते अन् लगेच सांगते, ठीक आहे साहेब. अरे, वाजू तर दे! ठोकल्यावर बोलाचं नाही. छत काय म्हन्ते ते आयकाचं.'

हे सांगताना त्यांनी उजवा कान माझ्याकडं केला होता. डाव्या कानानं त्यांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. त्यामुळं घरात आम्ही सगळे त्यांच्याशी ओरडून, तुकड्या-तुकड्यांत बोलतो: जेवलात का, गोळी घेतली का, टीव्ही बंद करू का. इतकं लांब ते किती दिवसांनी बोलले असतील, हे मोजायला गेले तर आकडा चांगला आला नसता.

एक गोष्ट त्यांनी अजून सांगितली, आणि तीच माझ्या डोक्यात राहिली. ठोकून सगळं कळतं असं नाही. सुटलेला थर जाड असला तर तोही घट्ट छतासारखाच वाजतो. म्हणून एकदा 'ठण्' ऐकून समाधान मानायचं नसतं. थोडं पुढं जाऊन पुन्हा ठोकायचं, दुसऱ्या पाळीत पुन्हा, पाऊसपाणी झालं की पुन्हा.

मैत्रिणीला मी त्या काळात एकदा विचारलं होतं, 'काय गं, बरी आहेस ना?' ती म्हणाली होती, 'हो, मस्त.' ठण्.

आजोबांशी त्या दुपारी बोलताना मी काय बोलत होते, ते रात्री वहीत लिहायला बसले तर लिहिण्यासारखं काही सापडेना. मी फक्त 'मंग?' म्हणत होते. 'मंग?' 'हो?' 'अन् मंग?' लहानपणी ते गोष्ट सांगायचे तेव्हा हेच करायला लागायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. 'झोपली वाटते,' म्हणून ते उठायचे. आपल्याकडं हे जुनंच आहे. शाहिरामागं झीलकरी असतात. गोंधळात मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि साथीदार मध्येच भाबडे प्रश्न विचारून ती पुढं ढकलतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच श्रोत्यांकडं अवधान मागण्यानं होते. सांगणारा एकट्यानं सांगू शकत नाही, हे या मंडळींना माहीत होतं.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बाव्हेलास आणि सहकाऱ्यांनी हेच प्रयोगात पकडलं. २००० साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना 'मी थोडक्यात वाचलो' छापाचा स्वतःचा प्रसंग अनोळखी माणसाला सांगायला लावला. काही श्रोत्यांना गुपचूप वेगळं काम दिलं होतं: गोष्टीत इंग्रजी 'टी' अक्षरानं सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. हे श्रोते एकेक शब्द कान देऊन ऐकत होते, फक्त गोष्ट ऐकत नव्हते. परिणाम काय, तर सांगणाऱ्यांच्या गोष्टी बिघडल्या. विशेषतः शेवट. ऐन रंगात यायच्या जागी ते चाचरले, शेवट पुन्हा पुन्हा सांगू लागले, 'म्हणजे तसं फार काही नाही, पण...' असं सारवासारव करू लागले. श्रोता हरवला तर गोष्ट सांगणाऱ्याच्याच हातून निसटते.

हे वाचल्यावर मी मैत्रिणीची व्हॉइस नोट परत ऐकली. शेवटी ती म्हणते, 'जाऊ दे, एवढं काही नाही.' समोर माणूसच नव्हता, फोन होता. पण ऑटोतल्या आणि फोनवरच्या दोन अनुभवांनंतर तिला माझा श्रोता म्हणून अंदाज आलेला असणार.

एक सांगते, मध्ये बोलणं म्हणजे न ऐकणं, असं मला अजिबात वाटत नाही. आमच्या घरी चार मावश्या जमल्या की चौघी एकाच वेळी बोलतात आणि चौघींना चौघींचं कळलेलं असतं. अमेरिकेतल्या भाषाअभ्यासक डेबरा टॅनन यांनी न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबांत वाढलेल्यांच्या गप्पांवर लिहिताना हे नोंदवलंय: काही समाजांत एकमेकांच्या वाक्यात वाक्य घालणं ही आपुलकी असते, आणि गप्प बसलेला माणूस तिथं शिष्ट वाटतो. वणीच्या चहाच्या टपरीवर कुणी डोळ्यांत बघत शांतपणे मान हलवत बसला तर पोरं विचारतील, 'का बे, उधारी मागायची आहे का?' तेव्हा चूप बसणं हे काही औषध नाही. माझ्या मावशी मध्ये बोलतात तेव्हा 'हो गं, आणि तो काय म्हणाला?' असं बोलतात. मी मध्ये बोलते तेव्हा माझा मावसभाऊ येतो.

आपल्या 'मग'चंच बघा ना. 'मग?' खाली उतरत्या सुरात म्हटलं तर 'त्याचं काय एवढं', आणि चढत्या सुरात म्हटलं तर 'पुढं सांग'. शब्द तोच. व्हॉट्सअ‍ॅपवर सूर लिहिता येत नाही, म्हणून मी हल्ली 'मग?' लिहायचं सोडलंय. फोन करते.

आपल्या विदर्भात हे ऐकणं किती मोठं काम करू शकतं, याचं एक उदाहरण शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातलं आहे. 'विश्राम' नावाचा प्रकल्प तिथल्या ३० गावांत राबवला गेला, शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या भागात. डॉक्टर गावोगावी पोचणं शक्य नव्हतं. म्हणून स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं. घरोघरी जायचं, बोलायचं, ऐकायचं, नैराश्य ओळखायचं, धीर द्यायचा आणि गरज असेल त्याला पुढं समुपदेशकाकडं, डॉक्टरकडं पाठवायचं. २०१७ मध्ये 'द लॅन्सेट सायकायट्री'त त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षाच्या कामानंतर २७.२ टक्के झालं. याचा अर्थ पूर्वी शंभरातली पंच्याण्णव माणसं 'हो, मस्त' म्हणत होती.

माझी मैत्रीण तशी खचलेली नव्हती, हे तिनं मला बजावून सांगितलंय आणि मी तिचं ऐकतेय. पण तुमच्यापैकी कुणाच्या मित्राचं 'माझं काही खरं नाही' जरा वेगळं वाजत असेल, तर सरळ विचारा, आणि एकट्यानं निभत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. त्याच्या वतीनं तुम्हीही फोन करू शकता.

वही मी आठवड्यानंतर बंद केली, कारण तिचा उलटाच त्रास व्हायला लागला. कुणी काही सांगत असलं की मी मनात नोंद करायची, आता 'मला पण' म्हणायचं नाही, म्हणायचं नाही, आणि त्या नादात समोरच्याचं वाक्य हुकायचं. म्हणजे माझंही बटण दाबणंच चाललं होतं. आता एकच करते. कुणी काही सांगितलं की पहिला प्रश्न त्याच्याबद्दलचा. तोही नेहमी जमत नाही. परवाच भावानं सांगितलं, 'मॅचमध्ये पाय मुरगळला,' आणि माझ्या तोंडून निघालं, 'अरे, मागच्या वर्षी माझा...' तो म्हणाला, 'झालं सुरू.'

मैत्रिणीकडं मी पुन्हा गेले, रविवारी, दुकानाला सुट्टी असते तेव्हा. या वेळी तयारी करून गेले होते. मुक्त विद्यापीठाची माहिती काढली, प्रवेश कधी सुरू होतात, फी किती, नोकरी करून पदवी कशी घेता येते, सगळं कागदावर लिहून. दहा मिनिटं ते सांगितलं. ती ऐकत होती. माझ्यापेक्षा चांगलं ऐकते ती, कायमच. मग मी कागद तिच्या हातात दिला आणि म्हटलं, 'बोल.'

ती आधी दुकानाबद्दल बोलली. गिऱ्हाईक चाळीस साड्या काढायला लावून एकही घेत नाही, त्याबद्दल. उभं राहून पाय सुजतात, त्याबद्दल. मालकीणबाई चांगल्या आहेत, दुपारी चहा देतात. बाबा दिवसभर ओट्यावर बसून असतात आणि कुणी ओळखीचं दिसलं की आत येतात. मी 'हो?' आणि 'मंग?' करत राहिले. बराच वेळ गेला. बाहेर सायडिंगला गाडी लागली, बोलणं ऐकू येईनासं झालं, आम्ही दोघी ती जाईपर्यंत थांबलो.

मग ती म्हणाली, 'फॉर्मचं मले माहीत आहे. मी सगळं काढून ठेवलं होतं मागच्याच महिन्यात.'

'मंग?'

'बाबांना वाटते त्यांच्यामुळं माझं शिक्षण सुटलं. मी फॉर्मचं नाव काढलं की ते उठून जातात. मी एकटीनं नाही सांगू शकत त्यांना. कोणीतरी सोबत पाहिजे.'

कागद मी परत पर्समध्ये ठेवला. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता जायचं ठरलंय, बाबा ओट्यावर असतात तेव्हा. काय बोलायचं ते ती बोलणार आहे.